एक जण उभं

मृणालच्या घरात एक नियम होता, आणि तो का आहे हे विचारायचं नाही, हाही त्याच नियमाचा भाग होता. सगळ्यांनी एकदम जेवायला बसायचं नाही. बाकीचे बसले तरी एक जण उभं राहिलंच पाहिजे; वाढायला असो, पाणी द्यायला असो, नाहीतर नुसतंच भिंतीला टेकून. आणि बसलेल्यांची डोकी कधी मोजायची नाहीत. पूर्वी मोठी आई, म्हणजे मृणालची थोरली काकू, उभी राहायची, तिचे गुडघे गेल्यावर आई उभी राहू लागली. दिवाळीच्या दिवशीही सगळ्यांची जेवणं आटोपली की आई थंड वरणभात घेऊन ओट्यापाशी उभ्याउभ्याच चार घास खायची. सौंसर गावात बऱ्याच घरांत बायका मागून जेवतात, त्यामुळे शेजारीपाजारी कोणाला त्यात वावगं दिसलं नाही. मृणाललाही दिसलं नव्हतं. मग ती शिकायला नागपूरला गेली, होस्टेलच्या मेसमध्ये चाळीस मुली एकाच वेळी जेवायला बसलेल्या तिनं रोज पाहिल्या, आणि आभाळ कोसळलं नाही हेही पाहिलं.

तीन वर्षांचा इंटिरियरचा कोर्स संपवून ती घरी परतली तेव्हा तिच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की होती. घरामागे बरीच मोकळी जागा होती; दोन संत्र्यांची झाडं, एक लिंबू, धुण्याचा दगड आणि आबाजींची बाज, एवढंच तिथं होतं. त्या जागेत तिला जेवायची बैठक बांधायची होती. वर वेलीचा मांडव, खाली कडप्प्याचं लांब टेबल, दोन्ही अंगांना सिमेंटचे पक्के बाक. एका बाकावर तिघं, दुसऱ्यावर तिघं. पाण्याचा माठ टेबलाच्या टोकाला, हाताच्या अंतरावर. मीठ, लोणचं, तुपाची वाटी यांच्यासाठी टेबलातच कोनाडे. एकदा बसल्यावर कोणालाच उठावं लागू नये, हे त्या आराखड्याचं सूत्र होतं. आईनं गरम जेवावं, बसून जेवावं, सगळ्यांसोबत जेवावं. याच्या आड येणाऱ्या प्रत्येकाशी भांडायची तिची तयारी होती.

"टेबल कायले पाहिजे?" आबाजींनी, म्हणजे तिच्या आजोबांनी, कागद न बघताच विचारलं. "घरात बसून घास उतरत नाही का आता?"

"घरात आई बसत नाही, आबाजी. तिथं बसेल."

आबाजींनी बाबूजींकडं पाहिलं. बाबूजी, तिचे वडील, शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला, जो मघाशीच पुसून झाला होता.

"बांधायचं तर बांध," आबाजी शेवटी म्हणाले. "पण बाक सलग ठेव. जागा पाडू नको."

"माणशी साठ सेंटिमीटर धरावंच लागते, आबाजी. नाहीतर कोणी पसरून बसते, कोणी कोपऱ्यात चेपते. मी खाचा पाडणार आहे."

"लई शिकली," मोठी आई पुटपुटली. तिचं खरं नाव देवकाबाई. काका जाऊन वीस वर्षं झाली होती.

त्या दिवशी तिच्या बाजूनं बोलला तो एकटा कुलदीप. कुलदीप तिचा भाऊ, तिच्याहून दोन वर्षांनी लहान, सडपातळ, मितभाषी, मांजरासारखा पाय न वाजवता घरात फिरणारा. तो तिच्या खांद्यावरून वाकून कागद पाहत होता.

"मस्त आहे, दीदी," तो म्हणाला. "एकदा तरी सगळे सोबत बसू. माझी जागा कोणती?"

"माझ्या डाव्या हाताले," मृणालनं सांगितलं आणि पेन्सिलीनं तिथं खूण केली.

चहाचे कप उचलत असलेली आई मधेच थांबली. मग तिनं कप उचलले आणि आत गेली.

कडप्पा घ्यायला दोघं बहीणभाऊ स्कूटीनं पांढुर्ण्याला गेले. पांढुर्णा वेगळा जिल्हा झाल्यापासून तिकडं फरशीची दुकानं वाढली होती, आणि मृणालला निवडायला वाव हवा होता. दुकानदारानं तासभर दगड दाखवले, भाव पाडून दिला, आणि एकच चहा मागवला. मृणालला त्याचा राग आला; दोन माणसं समोर असताना एकच कप? पण कुलदीप हसून म्हणाला की अर्धा अर्धा घेऊ, आणि परत येताना रस्ताभर तो मागं बसून पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिला, टेबल किती उंच, मांडव कधी चढेल, आपली जागा नक्की कोणती. "किती वेळा सांगू?" ती शेवटी ओरडली. "माझ्या डाव्या हाताले, माझ्या डाव्या हाताले!"

वीरेंद्र मिस्त्री कामाला लागला तो मार्गशीर्षातल्या एका सोमवारी. आठ दिवस तो रोज येत होता, घरातला चहा पीत होता, सगळ्यांशी गप्पा मारत होता. बाकाच्या खाचा पाडायच्या दिवशी त्यानं दोरी धरली, खडूनं खुणा केल्या आणि मान खाजवत म्हणाला, "ताई, नक्शा सहाचा हाय. एक जागा पाहुन्यासाठी सोडली का?"

"पाहुण्यासाठी कशाला? घरचेच सहा आहोत."

"पाच ना?"

"सहा, मिस्त्री."

वीरेंद्रनं हाताच्या बोटांवर अंगठा फिरवला. ओठ हलवत, एकेकाला मनात आठवत तो मोजत गेला आणि पाचावर थांबला. मृणाल हसली. तिनं नावं घेतली: आबाजी, मोठी आई, बाबूजी, आई, कुलदीप, मी. प्रत्येक नावाला मिस्त्रीनं मान हलवली. सगळी माणसं त्याच्या ओळखीची होती. आदल्याच दिवशी कुलदीप त्याला सिमेंटची गोणी धरू लागला होता.

"हो, हो, सहाच," तो म्हणाला. "माही चूक झाली."

पण त्यानं पुन्हा बोटं मोजली. त्या दुपारपासून तो आपला डबा आवारात न खाता फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला बसून खाऊ लागला.

त्या वेळी मृणालला ते नुसतंच गमतीचं वाटलं. संध्याकाळी ती गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेली, तर खाली आवारात घरची सगळी माणसं होती. आबाजी बाजेवर, मोठी आई त्यांच्या पायथ्याशी तूर निवडत, बाबूजी नव्या बाकावर पाणी मारत, आई संत्री तोडत आणि कुलदीप आईसाठी शिडी धरून. मृणालनं सहज बोट फिरवलं: एक, दोन, तीन, चार. आपल्याला धरून पाच. स्वतःलाच मोजायला विसरणाऱ्या येड्याची गोष्ट तिला आठवली. पण तिनं तर स्वतःला धरलं होतं. तिनं नावं घेतली, खाली पाच भरली. बोटांनी मोजली, चारच भरली. मोजताना कोण सुटतंय हे पकडायला ती प्रत्येक चेहऱ्यावर थांबून मोजू लागली. चेहऱ्यावर नजर असेपर्यंत ते माणूस तिथं होतं, त्याच्या अंगावरच्या कपड्याचा रंग दिसत होता, सावलीही नीट पडली होती. नजर पुढं सरकली की हिशेब पुन्हा चारावर येऊन उभा राहायचा. कपडे छातीशी धरून ती तशीच खाली आली.

त्यानंतर तिला मोजायचा नाद लागला. आराखड्यावर सहा चौकटी होत्या, त्यांत ती नावं लिहून बघायची. पहिल्यांदा लिहिली तेव्हा एक चौकट रिकामी राहिली, आणि मोठी आई सुटली हे कितीतरी वेळानं तिच्या लक्षात आलं. दुसऱ्यांदा बाबूजी सुटले. तिसऱ्यांदा तिनं अगदी सावकाश, एकेक अक्षर कोरत नावं लिहिली. तेव्हा सुटलेलं नाव तिचं स्वतःचं होतं. भर सकाळी, खिडकीतून ऊन टेबलावर आलेलं असताना, ती उठली. कपाट उघडून तिनं आपली दहावीची मार्कशीट काढली आणि त्यावरचं नाव वाचलं. मृणाल सुरेश. मग आपण काय करतोय याचीच लाज वाटून तिनं ती परत ठेवली. पण एक गोष्ट आता तिच्या मनातून जाईना. घरातल्या अल्बममध्ये सहाही जणांचा एकत्र असा एकसुद्धा फोटो नव्हता. फोटो काढणारं माणूस बाहेर राहतंच, यात वेगळं काय, असं तिला आजवर वाटत आलं होतं. आता वाटू लागलं, की कोणीतरी बाहेर राहावं म्हणूनच तर फोटो घरच्या माणसानं काढायचा, हे या घरात ठरलेलं नसेल ना?

मोठी आईला कसं कळलं कोण जाणे. ती काठी टेकत मृणालच्या खोलीत आली आणि पलंगाच्या कडेवर बसली.

"मोजून राहिली ना वं तू?"

"हो."

"नको मोजू, बेटा."

"काहून?"

"मोजलं का कमी पडते."

"काय कमी पडते? नीट सांगा ना, मोठी आई. दर वेळी तुम्ही लोकं अर्धंच सांगता, आणि अर्ध्यासाठी आम्ही जन्मभर उभं राहायचं!"

मोठी आई गुडघा चोळत राहिली. तिचा चेहरा रागावलेला नव्हता. तो घाबरलेला होता, आणि म्हाताऱ्या माणसाला इतकं घाबरलेलं मृणालनं कधी पाहिलं नव्हतं.

"पंधरा वर्सं मी उभ्यानं काढले," ती म्हणाली. "कोनासाठी काढले ते मले मालूम नाही, अन् मालूम करून घ्यायचंबी नाही. घरात सहा नावं हायत. सहाबी नावं मले गोड हायत. तुले त्यातलं कोनतं नको हाय, सांग."

मृणालला रागच आला. "हे सगळं आईला ओट्यापाशी उभं ठेवायचे बहाणे आहेत," ती म्हणाली. "रविवारी सगळे बाहेर बसतील. आई पहिली बसेल."

मोठी आई उठली. दारापाशी जाऊन म्हणाली, "बसली तर बसली. पन मंग तू तरी उभी राहाजो, माय."

रविवारी सकाळपासूनच आवारात धूर होता. रोडग्यांचा बेत मृणालनंच ठरवला होता. बाहेरचं पहिलं जेवण ते बाहेरच भाजलेलं हवं. कणकेचे जाड गोळे गवऱ्यांच्या निखाऱ्यात खरपूस भाजले जात होते, मोठ्या गंजात वांग्याची भाजी रटरटत होती. वेल अजून चढलेली नव्हती, म्हणून मांडवावर आईची जुनी साडी ताणली होती, आणि तिच्यातून गाळून आलेलं ऊन नव्या कडप्प्यावर निळसर पडलं होतं. कुलदीप पहाटेपासून मृणालच्या मागं मागं होता. त्यानं बाक पुसले, माठ भरला, कोनाड्यांत मीठ आणि लोणचं ठेवलं. इतकं खुश तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं.

सहा ताटं तिनं स्वतः मांडली. प्रत्येकात दोन रोडगे कुस्करून त्यावर वरण, भाजी आणि कडकडीत तूप वाढलं, म्हणजे वाढायलाही कोणाला उठावं लागू नये. समोरच्या बाकावर आबाजी, मोठी आई आणि बाबूजी बसले. अलीकडच्या बाकावर मधोमध मृणाल, तिच्या डाव्या हाताला कुलदीप. जागा साठ सेंटिमीटरचीच असल्यानं त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागत होता. उजव्या हाताची जागा आईची. आई पदराला हात पुसत चुलीपाशी रेंगाळत होती.

"आई, ये."

"तुम्ही घ्या ना. मले सवय हाय उभ्यानं..."

मृणालनं मागं वळून तिचा हात धरला आणि तिला ओढून बाकावर बसवलं. सगळे बसले. या घरात पहिल्यांदा सगळे एकदम जेवायला बसले, आणि मृणालच्या छातीत काहीतरी जिंकल्यासारखं भरून आलं. तिनं घास घेतला. आबाजींनी घेतला. मोठी आईनं ताटाला हात लावला. आईनं भीत भीत, गरम रोडग्याचा पहिला तुकडा तोंडात घातला. थोडा वेळ नुसता जेवणाचा आवाज येत राहिला.

मग एका ताटाकडं तिचं लक्ष गेलं. सहा ताटांपैकी पाचांत हात फिरला होता, एकातलं वाढलेलं तसंच होतं. टेबलावर कुठंतरी, नजरेच्या कडेला, एक जागा रिकामी होती. तिनं मान वर करून सगळ्यांकडं पाहिलं. सगळे होते. आबाजी, मोठी आई, बाबूजी, आई. तिचा स्वतःचा हात तुपानं माखलेला होता. कुलदीपचा खांदा खांद्याला होता. सहा माणसं बसली होती, सहाच जागा होत्या, आणि त्यातली एक रिकामी होती.

एवढी साधी गोष्ट तिला तेव्हा समजली. एक जण उभं असलं, की ती रिकामी जागा त्या उभ्या माणसाची असते. पंधरा वर्षं ती जागा मोठी आईची होती, मग आईची झाली. आज ती कोणाचीच नव्हती.

"कोणी तरी उठा," आबाजी दबक्या आवाजात म्हणाले. त्यांची नजर ताटावरून हलत नव्हती. "जल्दी उठा."

मोठी आईनं टेबलावर दोन्ही हात टेकले, पण गुडघ्यांनी साथ दिली नाही. ती अर्धवट उठून परत खाली बसली. आई उठू लागली. मृणालनं तिचं मनगट घट्ट धरलं.

"मृणाल, मग तू ऊठ," बाबूजी म्हणाले. ते कधी आवाज चढवत नसत. आताही चढवला नाही, पण त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "पाणी आण."

"पाणी इथंच आहे."

"मीठ आण."

"मीठ इथंच आहे, बाबूजी. सगळं इथंच आहे."

"हात जोडतो, बेटा. नुसती उभी राहा. बसलीस तशी उभी राहा, बस."

उभं राहणं किती सोपं होतं! दोन पावलं मागं सरायचं, संत्र्याच्या झाडाला टेकायचं, आणि सगळं पूर्ववत झालं असतं. तिचे पाय उठायला तयारही झाले होते. पण तिच्या मुठीत आईचं मनगट होतं. आता आपण उठलो तर उद्या आई उठेल, परवा आपली मुलगी उठेल, आणि कोणासाठी हे विचारायचं नाही, हे तिला दिसलं. भीतीच्या तळाशी असलेला तिचा तो जुना राग वर आला.

"नाही," ती म्हणाली. "मी उठणार नाही. आई उठणार नाही. मोठी आई तर नाहीच नाही. तुम्ही लोकांनी मोजलं नाही म्हणून बायका जन्मभर उभ्या राहिल्या. आज मी मोजणार."

"मृणाल!" आई किंचाळली.

"एक," मृणालनं आबाजींकडं बोट केलं. "दोन, मोठी आई. तीन, बाबूजी. चार, आई." तिनं आपल्या छातीवर हात ठेवला. "पाच, मी."

सहा म्हणायला ती डावीकडं वळली. डावीकडच्या ताटातलं तूप थिजून मेणासारखं पांढरं झालं होतं. नव्या बाकाच्या खाचेत उन्हाचा एक सरळ पट्टा पडला होता, मधे काही न अडता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिच्या डाव्या खांद्याला टेकलेला खांदा मात्र अजून तिथंच होता, आणि गरम होता.

"दीदी," अगदी कानाशी, लहानपणापासून ओळखीचा तो आवाज म्हणाला. त्यात भीती नव्हती, नुसता नेहमीचा हट्ट होता. "माझी जागा कोणती?"

इतके दिवस या प्रश्नाचं उत्तर तिच्या ओठांवर होतं. आता तिनं समोर पाहिलं. आबाजींकडं, मोठी आईकडं, बाबूजींकडं. मग मान वळवून आईकडं.

"सांगा ना त्याले," ती म्हणाली.

चौघांपैकी कोणीही ताटावरून मान वर केली नाही.